दम दिलेल्या सावरीच्या बारा चौक्या

सोमवार, ९ जून

आलेलं सामान आणि लागलेला पैसा:
सावरीच्या फळ्या चौदा (तेराचे पैसे, चौदावी वाकडी म्हणून भांडून फुकट) – ७८० रु.
हातगाडी – ५० रु. (मागितले ८०)
लोखंडी प्लेटा दोन, भंगारातून, किलोच्या भावाने – ३१५ रु.
मागच्या मंगळवारच्या, लाकूड टिकवण्याच्या सरकारी प्रशिक्षणातून: कापडी पिशवी एक, पेन एक, पिन लावलेले चार कागद, सर्टिफिकेट एक, जेवण (वरण, भात, वांगे, बुंदी) – सगळं फुकट.
सर्टिफिकेटाचं लॅमिनेशन – ३० रु. टाळता आलं असतं. पण पावसाळा तोंडावर आहे आणि बुरशी कशालाही धरते, हे त्या प्रशिक्षणातच शिकले.

मंगळवार, १० जून

मुळापासून लिहून ठेवते, म्हणजे पुढे हिशेब चुकणार नाही.

आमच्या अहेरीच्या मशिदीच्या वजूखान्यात, नमाजीआधी हातपाय धुवायच्या जागी, बसायला बारा चौक्या पाहिजेत. वीतभर उंच. दिवसातून पाच वेळा नळाचं पाणी अंगावर घेणार, म्हणून कमेटीने सागवान सांगितलं आणि पैसेही सागवानाचेच आगाऊ दिले. यांनी, म्हणजे बाबूभाईंनी, फळ्या स्वतः निवडून, कापून ठेवल्या आणि मोतीबिंदू काढायला नागपूरला थोरल्या मुलीकडे, फरहतकडे गेले. दोन्ही डोळे, एकामागून एक. ईद-ए-मिलादच्या आत परत येतील. जाताना लच्छूला सांगून गेले, फळ्या तयार आहेत, फक्त जोड आणि खाली आपला शिक्का मार. लच्छू यांच्या हाताखाली पंधरा वर्षं सुतारकाम करतो.

आता विचार करण्याची गोष्ट. धाकट्या आफ्रीनचं लग्न डिसेंबरात. तिच्या पलंगाला सागवान पाहिजे. घरात सागवान आहे, ते चाललं वजूखान्याला. पण कमेटीला पाहिजे काय? टिकाऊ चौकी. प्रशिक्षणात सरांनी माइकवर सांगितलं की लाकडात ओल शिरते आणि बुरशीचं जेवण आत तयारच असतं. हवेशिवाय कडक तापवलं की ते जेवण खराब होतं, ओलही कमी शिरते. दाबलं की हलकं लाकूडही घट्ट होतं. मग सावर काय वाईट? कमेटीला टिकाऊ चौकी, आफ्रीनला पलंग, मला सवाब, म्हणजे पुण्य. यात कोणाचं नुकसान आहे ते मला तरी दिसत नाही.

सागवानाच्या बारा फळ्या आफ्रीनच्या खाटेखाली लावल्या. वरून जुनी चादर.

संकल्प: या वहीत खोटं लिहायचं नाही. आणि यांना काळजी लागेल असं काही कळवायचं नाही.

गुरुवार, १२ जून

लच्छूला योजना सांगितली. म्हणे, "बाई, सावर मांडवाले चालते. एक पाऊस पाह्यला का भुसा."

मी सर्टिफिकेट दाखवलं. त्याने दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "यात सावरीचं नाव कुठी आहे?" मी म्हटलं माझं आहे, तेवढं पुरे. म्हणे मिस्त्रीले विचारा. मी म्हटलं त्यांच्या डोळ्याला पट्टी आहे. म्हणे, "कानाले तर नाई ना?"

माणूस प्रामाणिक आहे, पण शिकलेला नाही. मी मॅट्रिक, सेकंड क्लास.

फोनचा रिचार्ज संपलाय. महिन्याचे साडेतीनशे कोण घालतं. पोस्टकार्ड पन्नास पैसे. टाकलं: इकडे सर्व खैरियत, चौक्यांचं काम सुरू आहे. यात एक शब्द खोटा नाही.

नागपूरच्या बसच्या कंडक्टरकडे यांच्यासाठी वाळलेले झिंगे दिले. बांधायला प्रशिक्षणाचा तिसरा कागद वापरला. तो दुपारनंतरच्या भागाचा होता. त्या दिवशी दुपारी जोहरच्या नमाजीला मी घरी आले, नमाज झाल्यावर जरा आडवी झाले, उठले तेव्हा पुढच्या, असरच्या नमाजीची वेळ. जे ऐकलंच नाही त्याचा कागद ठेवून काय करायचं? जाड आहे, झिंगे सांडणार नाहीत.

मंगळवार, १७ जून

दुसऱ्या कागदावर लिहिलंय, लाकूड हवेशिवाय, सुमारे दोनशे अंशांवर, काही तास तापवावे. दोनशे अंश कसे मोजायचे ते लिहिलेलं नाही. या शिकलेल्या लोकांचं असंच. पण हवेशिवाय तापवणं मला मॅट्रिकच्याही आधीपासून येतं. त्याला दम म्हणतात.

कमेटीचे सेक्रेटरी मुनाफभाई यांच्याकडून मशिदीची मोठी देग आणली. काय शिजवणार विचारलं. मी म्हटलं, मशिदीचंच काम आहे. खूश झाले.

तळाला विटा, विटांवर फळ्या उभ्या. करपू नये म्हणून दोन लोटे पाणी. झाकणाला कणकेचं सील. खाली कोळसा, झाकणावर निखारे. बिस्मिल्ला म्हणून दम दिला, चार तास. वास असा सुटला की तीन घरांतून विचारायला आले, दावत कधी आहे.

कणीक सव्वा किलो लागली. फेकणार कशी? सील काढून त्याच्याच रोट्या भाजल्या. चवीला सावर. आफ्रीनने तोंडही लावलं नाही. मी दोन खाल्ल्या.

बुधवार, १८ जून

आज दाबणे.

शेजारचा कुलदीप ट्रक चालवतो, त्याचा जॅक आणला. गरम फळी दोन प्लेटांमध्ये, वर जॅक, जॅकचं डोकं छताच्या आढ्याला. दांडा मारत गेले. लाकूड दबण्याऐवजी छत वर गेलं. कवेलू सात फुटले.

लच्छू दारात उभा होता. संध्याकाळी लोखंडी अँगलची चौकट जोडून घेऊन आला. म्हणे, "पह्यले घर वाचवू बाई, मंग लाकडाचं पाहू."

हळूहळू त्याला पटत चाललंय.

सोमवार, ३० जून

अल्हमदुलिल्लाह. चौदापैकी बारा फळ्या जमल्या, दोन चिरल्या (त्यात ती फुकटची). इंचाची फळी बरोब्बर अर्ध्या इंचाची झाली. रंग चहासारखा, अंगाला चकाकी, नख मारलं तर नखच दुखतं. सागवानाने शेजारी उभं राहू नये.

परीक्षाही घेतल्या. चौथ्या कागदावर म्हणतात, लाकडाचा तुकडा बुरशीसोबत बरणीत बारा आठवडे ठेवावा आणि वजन किती घटलं ते पाहावं. बारा आठवडे कोणाकडे आहेत? तुकडा खिडकीत दोन दिवस ठेवला. वजन आधी पावशेर, नंतर पावशेर. घट शून्य. (किराणावाला म्हणे याहून लहान माप माझ्याकडे नाई. ती त्याची अडचण.)

पाण्याची परीक्षा: तीन थेंब टाकले. पुसले. पास.

गुरुवार, १० जुलै

लच्छूने चौक्या जोडल्या, पण शिक्का मारायला तयार नाही.

शिक्का म्हणजे लोखंडाचा 'बा'. लाल तापवून लाकडावर टेकवायचा. यांनी तीस वर्षांत प्रत्येक दार, प्रत्येक चौकट, प्रत्येक पाळण्यावर तो मारलाय. मनासारखं काम झालं नाही तर मारत नाहीत, गिऱ्हाइकाचे पैसे परत करतात. मी पुष्कळदा म्हटलं की हे परवडत नाही. म्हणतात, शिक्का मारला की मी तिथे बसलेलो असतो.

लच्छू म्हणे, "मिस्त्रीचा शिक्का मी यावर मारत नाई. मले रोजी नको आजची."

मीच मारला. घरचाच शिक्का, घरचंच माणूस. एकदाच हात हलला म्हणून सातव्या चौकीवरचा 'बा' तिरपा आला. बाकी अकरा सरळ आहेत. लच्छूची रोजी कापली नाही, हेही लिहून ठेवते.

शुक्रवार, ११ जुलै

जुम्म्याआधी चौक्या पोहोचल्या. मुनाफभाई स्वतः सांगायला आले. म्हणे, "भाभी, बाबूभाईच्या सागवानाची बातच न्यारी. वजन पाहा!" मी काही बोलले नाही. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

देग परत केली. मुनाफभाई म्हणे, आतून जंगलाचा वास का येऊन राह्यला?

शनिवार, १९ जुलै

यांचं कार्ड, फरहतच्या अक्षरात. एक डोळा झाला. घरी आल्यावर पहिल्यांदा वजूखान्यात जाऊन आपल्या चौक्या डोळे भरून पाहणार, म्हणतात. वाचून फार समाधान वाटलं. पाणीही दोन पेले प्यायले.

आफ्रीन सुधारतेय. हल्ली रोज आपल्या खाटेखाली स्वतः झाडते, मला वाकू देत नाही. लग्न जवळ आलं की मुलींना शहाणपण येतं. चादर मी रोज पायाने चाचपते. लाकूड जागेवर आहे.

लच्छूची बायको धुरपता दर दोन-तीन दिवसांनी रानभाजी घेऊन येते. भारा येताना लहान असतो, जाताना लांब. विचारलं तर आफ्रीन म्हणे जुने कपडे दिले. संकल्प: कपडे मोजायचे.

शुक्रवार, २५ जुलै

मुनाफभाई आले. म्हणे, "भाभी, चौक्या वाढून राह्यल्या का आमी आखडून राह्यलो? दोन आठवड्यांखाली नळ गुडघ्याले लागे, आता मांडीले लागून राह्यला."

मी म्हटलं, मशिदीची चीज आहे, बरकत असते.

म्हणे बरकत एकाच बाजूने येऊन राह्यली. सातव्या चौकीवर बसलं का माणूस नालीकडे घसरते.

लच्छूला विचारलं. म्हणे, "दाबलेलं होतं, पाणी भेटलं, उठून बसलं." मी म्हटलं मग चांगलंच की, इंचाची पाहिजे होती, इंचाची झाली. लाकूड दबून परत उठतं हे सरांनी कसं सांगितलं नाही? निदान जोहरच्या आधी तरी नाही सांगितलं.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

पाऊस आठ दिवस लागून आहे. मुनाफभाई सातवी चौकी फडक्यात गुंडाळून घेऊन आले. खालच्या अंगाला पांढरे तंतू, पिंजल्यासारखे. हे काय म्हणून विचारलं.

मी म्हटलं, सावरीला कापूस असतोच.

मुनाफभाई म्हणे, "सागवानाले सावरीचा कापूस कुठून?"

मी म्हटलं, सागवान फार जुनं झालं की त्यालाही येतो.

हे खोटं होतं. इथे खरं लिहिलं, म्हणजे हिशेब बरोबर झाला. रात्रीच्या नमाजीत दोन रकात जास्त.

तंतू पुसून, खोबरेल लावून चौकी परत पाठवली. तेल सहा रुपयांचं तरी गेलं.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

मुनाफभाईंचा निरोप: चौक्यांना छत्र्या आल्या. नमुना सोबत, कागदात.

अल्लाह एक दार लावतो तर काही विचार असतो. आत्ता सात्यांचा, खायच्या अळंब्यांचा मोसम आहे, बाजारात सात्या हजार रुपये किलो. बारा चौक्यांवर आठवड्याला पावशेर धरल्या तरी पलंगाची गादी निघते. देगीतला दम यालाच लाभला असेल.

धुरपता सात्या विकायलाच आली होती, तिला दाखवलं. तिने हातात घेतलं, वास घेतला आणि कुंपणाबाहेर फेकून दिलं. म्हणे, "सात्या वारुळाच्या मातीतून येते बाई. हे लाकूड खाऊन राह्यलं. तुमी खासान तं तुमालेबी खाईन." मग तोंडाला पदर लावला. रडत होती असं मला आधी वाटलं.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

लिहायला हात होत नाही, पण संकल्प आहे.

जुम्म्याच्या आधी मुनाफभाई सातव्या चौकीवर वजूला बसले. फळी मधोमध गेली, हलव्यासारखी. मुनाफभाई नालीत, पाय नळाला, टोपी पुढच्या रांगेतल्या माणसाच्या मांडीत. लागलं नाही. कुर्ता गेला.

नमाज झाल्यावर आले. मी दाराआड उभी. ओरडतील म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं: पाऊस यंदा जास्त, पाणी बोअरचं, माणसं जड. ते ओरडलेच नाहीत. तुटलेली फळी उंबऱ्यावर पालथी ठेवली. वर तिरपा 'बा'.

म्हणे, "भाभी, बाबूभाईची नजर कधीपासून गेली होती? आमाले सांगाचं होतं. आमी ऑर्डर देऊन त्याची लाज काढली नसती." म्हणे बाजारात लोक बोलून राह्यले, मिस्त्रीले आता सागवान आणि सावर वेगळं दिसत नाई. दोन घरांनी चौकटीचं काम दुसऱ्याला दिलं.

फळी उचलून अंगणात नेऊन ठेवली.

ते गेल्यावर आफ्रीनच्या खाटेखालून सागवान काढायला वाकले. पलंग नाही झाला तर नाही झाला. चादर ओढली. चादरीखाली विटा. देगीतल्याच. आणि मी महिनाभर पायाने चाचपून जागेवर आहे म्हणून खूण करत होते.

आफ्रीनला विचारलं. ती पीठ मळत होती, वर न पाहता म्हणे, "अम्मी, मशिदीच्या लाकडावर मले झोप आली असती काय?" दर दोन-तीन दिवसांनी एक फळी झाडायच्या निमित्ताने बाहेर, धुरपताच्या भाऱ्यात घालून लच्छूच्या गावी. एका भाऱ्यात एकच मावे. बारावी या सोमवारी गेली.

सोमवार, २५ ऑगस्ट

लच्छूने हातगाडीवर सागवानाच्या बारा चौक्या आणल्या. रोजच्या कामानंतर आपल्या अंगणात बसून केलेल्या. मी म्हटलं मला सांगितलं काऊन नाही? म्हणे, "सांगितलं होतं. जून महिन्यात."

पालथी करून पाहिली. शिक्का नाही. म्हणे तो मिस्त्री येऊन मारतीन. आणि हातगाडीचा दांडा माझ्या पुढे धरून म्हणे, "त्या बाराईवरचे शिक्के तुमी मारले. आता कमेटीले तुमीच सांगा."

मशिदीच्या फाटकापर्यंत गेले. मुनाफभाईंना बाहेर बोलावलं. म्हटलं, ती सावर होती. शिक्का माझ्या हातचा. यांना यातलं एक अक्षर माहीत नाही, यांची नजर गेलेली नव्हती, माझी गेली होती. हे बाजारातही सांगा.

मुनाफभाईंनी एक चौकी पालथी करून पाहिली. मग म्हणे, "ते सर्टिफिकेट द्या भाभी. वजूखान्यात लावतो. लॅमिनेशन केलं म्हणता ना, पाण्यानं काही होत नसन."

घरी येऊन काढलं. प्लास्टिकच्या आत काळे ठिपके, माझ्या नावावरच जास्त. दुकानदाराने कागद दमट असतानाच गरम करून दाबला असणार. लोकांना काम नीट येत नाही.

गुरुवार, २८ ऑगस्ट

यांचं कार्ड. या वेळी यांच्याच अक्षरात. दोन्ही डोळे झाले. लिहितात, पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा वाचायला मिळाला तो झिंग्यांचा कागद. फरहतने फेकला नाही, डब्याखाली अंथरला होता; तुझीच मुलगी. त्यावर छापलंय की वाफेवर मऊ करून दाबलेलं लाकूड नंतर दोनशे अंशांच्या पुढे पक्कं केलं नाही तर पाणी लागताच मूळ जाडीला येतं, आणि बुरशी त्याला साध्या लाकडासारखीच खाते. घरी करून पाहू नये. खाली यांनी लिहिलंय: लच्छूले वाचून दाखव. हसेल. आपल्या गावात असं कोण करणार.

अंगणात मोडकी धरून बारा चौक्या पडल्या आहेत. शिक्क्यांभोवती छत्र्या. जाळाव्या म्हटलं तर ओल्या.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

कार्डाचा मजकूर, नक्कल ठेवली आहे. एका कार्डात मावला नाही. दुसरं घेतलं. एकूण एक रुपया.

"सलाम. आपलं कार्ड मिळालं. डोळे बरे झाले, अल्लाहचं शुक्र. इकडे सर्व खैरियत आहे असं मी अकरा आठवडे लिहीत होते, ते नव्हतं. त्या कागदातलं आपल्या गावात एका बाईने केलं. तिने तिसरा कागद वाचला नव्हता, कारण त्यात आपले झिंगे बांधले होते. वजूखान्यात आता सागवानच आहे, लच्छूभाऊच्या हातचं, आणि शिक्क्याची जागा आपल्यासाठी कोरी ठेवली आहे. आफ्रीनला पलंग नाही, ती म्हणते चटई पुरे. अंगणात जे दिसेल त्याखाली आपला शिक्का आहे. तो मी मारला. सातव्यावरचा तिरपा आहे, बाकीचेही तिरपेच म्हणावे लागतील. लच्छूला वाचून दाखवलं. तो हसला नाही. कोणत्या बसने येता ते कळवा, कंडक्टरला सांगून ठेवते. आणि रागावले असाल तर फोन करू नका, उगाच पैसे जातील. रागावलात की नाही तेवढं उलट टपाली कळवावे."